फुकट कोण देतंय?

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी ‘महाडीबीटी’चे पान उघडत होते. शेजारी बसलेल्या आण्णांनी क्रोमच्या गोल चिन्हाकडे बोट दाखवून विचारले, “ह्येचं पैसं किती पडत्यात?” मी म्हणाले, “काही नाही, फुकट आहे.” “फुकट कोण देतंय?” ह्या त्यांच्या प्रश्नापुढे मी निरुत्तर झाले.

वस्तुतः उत्तर त्यांनाच अधिक ठाऊक होते. आमच्या गुऱ्हाळाला अडत्या हंगामाआधी उचल देतो. मग गुळाचे रवे मार्केट यार्डात त्याच्याच दुकानी लावावे लागतात. ब्राउझरचा (मराठीत ‘न्याहाळक’ असा गोड शब्द आहे, पण वर्गात तो कोणाच्या तोंडी नाही) व्यवहार फारसा निराळा नाही.

1995 साली मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर फुकट वाटला, त्यामागे भीती होती. लोकांची कामे नेटस्केपच्या ब्राउझरमधूनच होऊ लागली, तर खाली विंडोज असो वा आणखी काही, कोण विचारणार? गूगलचे कारण वेगळे. तिची मुख्य मिळकत जाहिरातींची, आणि त्या जाहिराती शोध घेणाऱ्याला दाखवायच्या. शोध दुसऱ्याच्या ब्राउझरमधून आला, तर त्याला वाटा द्यावा लागतो. आपले शोधयंत्र आधीपासून लावून ठेवावे म्हणून ॲपल आदी कंपन्यांना गूगलने एकट्या 2021 मध्ये 2,630 कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. स्वतःचे दार असले की हा वाटा वाचतो. 2008 साली क्रोम आला, तो असा.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1,337.76 कोटी रुपये दंड केला. फोन बनविणाऱ्याला प्ले स्टोअर हवे असेल, तर क्रोमसह सगळे गाठोडेच घ्यावे लागे, हा एक मुख्य आक्षेप. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. अमेरिकेत क्रोम विकायला लावण्याची सरकारची मागणी मात्र 2025 मध्ये न्यायालयाने फेटाळली.

मुंबईच्या रिलायन्स जिओने 2020 मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांचा ‘जिओपेजेस’ काढला. तोही गूगलच्याच क्रोमियमवर उभा होता!

हे सारे ऐकून आण्णांनी विचारले, “मग दुसऱ्या अडत्याकडं जाता येतं का न्हाई?” येते. फायरफॉक्सचे यंत्र स्वतंत्र आहे, स्वयंसेवकांनी तो मराठीतही आणला आहे. परंतु त्याच्या मिळकतीचा मोठा भाग येतो, तो गूगलकडूनच.