पायथनमध्ये यादीतील स्ट्रिंगचे विभाजन व डिक्शनरीतील गटबांधणी

प्रस्तावना :
प्रवेशअर्ज, ग्रंथालयातील पुस्तकांची यादी, ग्रामीण सर्वेक्षणाची प्रपत्रे यांमधील माहिती बहुधा एकेका ओळीत असते. प्रत्येक ओळीत दोन घटक व त्यांच्यामध्ये आडवी रेघ किंवा स्वल्पविराम असतो. अशा ओळी फोडून समान घटकांखाली एकत्र आणणे हे माहिती-संस्करणातील प्राथमिक काम होय. पायथन या संगणकभाषेत ते मोजक्या ओळींत साधते. मात्र त्यात होणारी एक चूक कोणतीही सूचना न देता नोंदी नष्ट करते. प्रस्तुत लेखात या चुकीचे स्वरूप व तिचे निवारण यांचा विचार केला आहे.

विभाजन :
सातारा जिल्ह्यातील तालुका व गाव यांची पुढील यादी उदाहरणादाखल घेऊ : 'वाई-भुईंज', 'कऱ्हाड-उंब्रज', 'माण-म्हसवड', 'वाई-पसरणी', 'कऱ्हाड-मसूर'. स्प्लिट या पद्धतीला आडवी रेघ हा विभाजक दिला असता प्रत्येक स्ट्रिंगचे दोन तुकडे मिळतात. गावाच्या नावातच आडवी रेघ असेल तर तीन तुकडे होतात आणि ते दोन चलांत भरताना आज्ञावली त्रुटी दाखवून थांबते. अशा वेळी विभाजन एकदाच करण्याची मर्यादा स्प्लिटला घालून द्यावी. तुकड्यांच्या कडेला राहिलेली रिकामी जागा स्ट्रिप पद्धतीने काढावी. अन्यथा 'वाई' व 'वाई ' या दोन वेगळ्या किल्ल्या ठरतात.

गटबांधणी :
डिक्शनरीत एका किल्लीला एकच मूल्य असते. नवशिका विद्यार्थी सहजपणे गट[तालुका] = गाव असे लिहितो. परिणामी वाईसमोर केवळ पसरणी आणि कऱ्हाडसमोर केवळ मसूर उरते. भुईंज व उंब्रज ही गावे पुसली जातात. संगणकाच्या दृष्टीने येथे काहीही चुकलेले नसते, म्हणून तो त्रुटी दाखवत नाही. हीच यादी शिष्यवृत्तीच्या अर्जदारांची असती तर पाचपैकी दोन विद्यार्थी वगळले गेले असते.

यावर उपाय असा की, प्रत्येक किल्लीचे मूल्य हे गाव नसून गावांची यादी असावी. किल्ली प्रथमच आली तर रिकामी यादी निर्माण करावी व नंतर त्या यादीत अपेंडने गाव जोडावे. सेटडिफॉल्ट ही पद्धत रिकामी यादी देण्याचे काम करते. २००६ मध्ये पायथनच्या २.५ आवृत्तीत आलेल्या डिफॉल्टडिक्टमुळे हे काम आपोआप होते.

आयटरटूल्समधील ग्रुपबाय हे साधन नावावरून सोयीचे वाटते. परंतु ते केवळ लागोपाठ आलेल्या समान किल्ल्यांचाच गट करते. वरील यादीत त्याने तीनऐवजी पाच गट पडतील. म्हणून ते वापरण्यापूर्वी यादी त्याच किल्लीनुसार क्रमाने लावणे आवश्यक आहे.

देवनागरीतील विशेष अडचण :
मराठी माहितीबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. कऱ्हाड या नावातील 'ऱ' युनिकोडमध्ये एका स्वतंत्र संकेतांकाने लिहिता येतो, तसेच 'र' ला नुक्ता जोडून दोन संकेतांकांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. डिक्शनरी मात्र त्यांना भिन्न किल्ल्या मानते व एका तालुक्याचे दोन तालुके होतात. युनिकोडडेटा या मॉड्यूलमधील नॉर्मलाइझ फंक्शनने सर्व स्ट्रिंग एनएफसी रूपात आणल्यास हा भेद नाहीसा होतो. काही टंकलेखक हेच जोडाक्षर 'र', हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनी लिहितात. ते रूप या फंक्शनने बदलत नाही. त्यासाठी रिप्लेस पद्धतीने स्वतंत्र बदल करावा लागतो.

निष्कर्ष :
विभाजन, स्वच्छता, एकरूपता व गटबांधणी हा क्रम पाळल्यास काम निर्दोष होते. तथापि अखेरीस एक पडताळणी अवश्य करावी. सर्व गटांतील गावांची बेरीज मूळ यादीतील ओळींइतकी भरली पाहिजे. वरील उदाहरणात ती पाच यावी. तीन आल्यास नोंदी पुसल्या गेल्या असे समजावे. बेरीज पाच येऊनही गट तीनऐवजी चार दिसल्यास किल्लीचे लेखन तपासावे. आज्ञावली त्रुटीविना चालली एवढ्यावरून उत्तर बरोबर आले असे मानता येत नाही, ही जाणीव विद्यार्थ्यांना प्रारंभीच होणे अगत्याचे आहे.