यंत्रास दिलेल्या आकड्यांची पारख

यंत्र चालविणारा मनुष्य आणि यंत्र यांच्यामधील व्यवहार बहुधा आकड्यांतून होतो. तपमान किती ठेवावयाचे, चाक किती वेगाने फिरवावयाचे, नळीतून दर तासाला किती औषध सोडावयाचे, हे मनुष्य आकड्याने सांगतो आणि यंत्र त्याप्रमाणे वागते. मनुष्याच्या मनातील हेतू यंत्रास कळत नाही. त्याच्यापर्यंत केवळ आकडा पोचतो. हेतू एक आणि आकडा दुसरा असे झाले, तर यंत्र आकड्याचेच ऐकणार. म्हणून आकडा स्वीकारण्यापूर्वी त्याची पारख करणे हे यंत्ररचनेचे एक महत्त्वाचे अंग होय. ही पारख कशी करतात, ती कोठे अपुरी पडते आणि अपुरी पडली असता काय घडते, याचा विचार येथे केला आहे.

घुंडीचा अडसर

प्रयोगशाळेत जीवाणूंची वाढ करण्यासाठी उबवणपेटी वापरतात. तिच्यातील तपमान पुष्कळदा ३७ अंश सेल्सिअस ठेवावे लागते. जुन्या पेटीवर एक घुंडी असे. ती फिरविली की काटा तबकडीवरील खुणांवरून सरके, आणि शेवटच्या खुणेपाशी धातूची एक लहानशी खुंटी घुंडीस अडवी. कितीही जोर लावला तरी काटा त्या खुंटीपलीकडे जात नसे. अशक्य तपमान मागण्याची सोयच त्या पेटीत नव्हती.

घुंडीच्या जागी आकड्यांच्या कळा आल्या तेव्हा काम सोपे व अधिक अचूक झाले. परंतु ती खुंटी नाहीशी झाली. ३७.० लिहिताना दशांशचिन्हाची कळ नीट दाबली गेली नाही, तर ३७० हा आकडा उमटतो. कळांना ३७ आणि ३७० यांत काहीच भेद वाटत नाही. पूर्वी जे काम धातूची खुंटी करीत होती ते आता संगणकाच्या आज्ञावलीने केले पाहिजे. ते करण्याचे विसरले गेले, तर नवी पेटी जुन्या पेटीपेक्षा कमी सुरक्षित ठरते.

आकड्यास विचारावयाचे प्रश्न

आलेल्या आकड्यास आज्ञावलीने क्रमाने काही प्रश्न विचारावयाचे असतात.

पहिला प्रश्न रूपाचा. जे लिहिले आहे तो आकडा आहे काय? शून्याच्या जागी रोमन लिपीतील ‘ओ’ पडला आहे काय? रकाना रिकामाच राहिला आहे काय? येथे देशोदेशीच्या लेखनपद्धतींचाही विचार करावा लागतो. भारतात १,५०० म्हणजे दीड हजार. जर्मनीत व फ्रान्समध्ये स्वल्पविराम हे दशांशचिन्ह असल्याने तीच अक्षरे दीड ही संख्या दर्शवितात.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. आकडा यंत्राच्या शक्तीत बसतो काय? हा प्रश्न केवळ भट्टी वा मोटार यांच्यापुरता नाही. आकडा साठविण्याच्या जागेलाही मर्यादा असते. संगणकातील आठ द्विमान अंकांच्या एका कप्प्यात ० पासून २५५ पर्यंतच्या संख्या मावतात. अशा कप्प्यात ३०० ही संख्या कोंबली, तर २५६ गळून जातात आणि कप्प्यात ४४ उरतात. मागणाऱ्याने ३०० मागितले. यंत्र मुकाट्याने ४४ देते. म्हणून मर्यादेची तपासणी आकडा कप्प्यात घालण्यापूर्वी झाली पाहिजे, नंतर नव्हे.

तिसरा प्रश्न सूक्ष्मतेचा. अनेक यंत्रांत पावलापावलाने फिरणारी मोटार असते. एका फेऱ्याची २०० पावले असतील, तर प्रत्येक पाऊल १.८ अंशांचे. अशा मोटारीस पूर्ण पावलांनी बरोबर १० अंश फिरता येत नाही; पाच पावलांचे ९ अंश होतात आणि सहा पावलांचे १०.८. यंत्राने जवळचे मूल्य घेण्यास हरकत नाही. मात्र आपण १० नव्हे, १०.८ अंश फिरणार, हे त्याने पडद्यावर स्पष्ट दाखविले पाहिजे.

चौथा प्रश्न आकड्यांच्या परस्परसंबंधाचा. किमान तपमान ४० आणि कमाल तपमान ३५, हे दोन्ही आकडे एकेकटे पाहिले तर निर्दोष आहेत. एकत्र पाहिले तर निरर्थक आहेत.

पाचवा प्रश्न प्रसंगाचा. यंत्राच्या या क्षणीच्या स्थितीत ही आज्ञा पाळणे योग्य आहे काय? फिरत्या यंत्राची दिशा एकदम उलट करण्याची आज्ञा थांबलेल्या यंत्रास चालते, धावत्या यंत्रास चालत नाही.

आकडा आपली साक्ष देत नाही

काही संख्यांच्या पोटात त्यांच्या खरेपणाची खूण ठेवता येते. आधार क्रमांकातील बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ती चूक तेथल्या तेथे पकडली जाते. तपमान, वेग अथवा औषधाची मात्रा यांच्या आकड्यांत अशी खूण नसते. ५० हा आकडा जितका निर्दोष दिसतो तितकाच ५ हाही दिसतो. त्यांची पारख बाहेरच्या एखाद्या साक्षीदाराशी ताडूनच करावी लागते.

शून्याने थांबलेली युद्धनौका

चुकीचा आकडा किती दूरवर परिणाम करतो याचे एक उदाहरण अमेरिकेच्या नौदलातील आहे. ‘यॉर्कटाउन’ या क्रूझरवर थोड्या खलाशांनिशी जहाज चालविता यावे म्हणून संगणकांचे जाळे बसविण्यात आले होते. १९९७ च्या सप्टेंबर महिन्यात एका कर्मचाऱ्याने माहितीच्या एका रकान्यात शून्य भरला. आज्ञावलीने त्या शून्याने भागाकार करण्याचा प्रयत्न केला. शून्याने भागणे अशक्य; त्यातून उद्भवलेला बिघाड जाळ्यात पसरला आणि जहाजास चालना देणारी व्यवस्थाच बंद पडली. सुमारे पावणेतीन तास ती युद्धनौका समुद्रात निश्चल राहिली. शून्य ही संख्या अवैध नाही. परंतु ज्या रकान्यातील संख्या पुढे भाजक होणार, त्या रकान्यात ती अवैध आहे. आणि हे ठरविण्याची जागा भागाकारापाशी नसून रकान्यापाशी आहे.

एकच आकडा, दोन अर्थ

२० जानेवारी १९९२ रोजी ल्योंहून स्ट्रासबूर्गकडे जाणारे एअरबस ए-३२० विमान उतरण्याच्या तयारीत असताना सेंट-ओदील डोंगरावर आदळले. विमानातील ९६ जणांपैकी ८७ जण मृत्यू पावले. त्या विमानात खाली येण्याचे प्रमाण दोन प्रकारे सांगता येत असे : एक, उताराचा कोन अंशांत; दुसरा, दर मिनिटास किती फूट खाली यावयाचे तो वेग. दोहोंसाठी घुंडी एक, वाचनाची खिडकी एक. कोणता प्रकार चालू आहे ते एका बटणाने ठरे. कोनाच्या प्रकारात ‘३.३’ असे दिसे. वेगाच्या प्रकारात ३३०० फुटांसाठी केवळ ‘३३’ दिसे. वैमानिकांस ३.३ अंशांचा उतार हवा होता, परंतु यंत्रणा वेगाच्या प्रकारात राहिली होती, हे स्पष्टीकरण चौकशीत विशेष संभवनीय मानले गेले. विमान अपेक्षेच्या सुमारे चौपट वेगाने खाली आले.

येथे मर्यादेची तपासणी निरुपयोगी होती, कारण दोन्ही मूल्ये यंत्राच्या दृष्टीने योग्यच होती. दोष होता तो आकडा व त्याचे एकक यांची ताटातूट होण्यात. पुढे त्या खिडकीत वेगाचे चारही अंक दाखविण्याची सुधारणा करण्यात आली. जेथे आकडा तेथे त्याचे एकक, हा नियम शाळेतील गणिताच्या वहीत जसा पाळावयाचा तसाच नियंत्रण-फलकावरही पाळला पाहिजे.

थेरॅक-२५ चा धडा

या विषयातील सर्वांत गंभीर उदाहरण वैद्यकातील आहे. ‘थेरॅक-२५’ हे कर्करोगावर किरणोपचार करण्याचे यंत्र कॅनडात तयार झाले. ते दोन प्रकारे काम करी. एका प्रकारात इलेक्ट्रॉनांचा सौम्य झोत रुग्णावर सोडला जाई. दुसऱ्या प्रकारात अतिशय तीव्र झोत धातूच्या लक्ष्यावर पाडून क्ष-किरण निर्माण केले जात. तीव्र झोत आणि मध्ये लक्ष्य नाही, अशी स्थिती कधीही येता कामा नये. आधीच्या प्रतिमानांत ही स्थिती रोखण्यासाठी आज्ञावलीहून स्वतंत्र असे यांत्रिक व विद्युत् अडसर होते. थेरॅक-२५ मध्ये ते काढून त्यांचे काम आज्ञावलीवर सोपविण्यात आले.

१९८५ च्या जूनपासून १९८७ च्या जानेवारीपर्यंत अमेरिका व कॅनडा या देशांत या यंत्राने सहा रुग्णांस प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिल्याचे उघडकीस आले. त्यांपैकी काही जण दगावले. टेक्सास राज्यातील टायलर येथे १९८६ च्या मार्च व एप्रिल महिन्यांत असे दोन अपघात झाले. यंत्र चालविणारी कर्मचारी सरावलेली होती. तिने चुकून क्ष-किरणांचे अक्षर दाबले, चूक लगेच ध्यानात आल्यावर मागे जाऊन इलेक्ट्रॉनांचे अक्षर लिहिले आणि पुढे गेली. पडद्यावर सर्व काही बरोबर दिसत होते. परंतु पहिल्या आज्ञेप्रमाणे यंत्रातील चुंबके स्थिर होण्यास सुमारे आठ सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती आज्ञावलीच्या दुसऱ्या भागास कळत नसे. पडदा एक सांगत होता आणि यंत्र दुसऱ्याच तयारीत होते. मार्चमधील रुग्णास १८० रॅड मात्रा द्यावयाची होती. प्रत्यक्षात ती १६,५०० ते २५,००० रॅड असावी, असा पुढे अंदाज करण्यात आला. पडद्यावर फक्त ‘बिघाड ५४’ एवढीच अक्षरे उमटली. अशा सूचना त्या यंत्रावर वरचेवर येत आणि एक कळ दाबून काम पुढे चालू ठेवता येई. म्हणून कर्मचारीवर्ग त्यांस सरावला होता. रुग्णालयातील पदार्थवैज्ञानिकाने त्या कर्मचारीच्या साहाय्याने तीच दुरुस्ती तितक्याच त्वरेने पुनःपुन्हा करून पाहिली, तेव्हा दोषाचा शोध लागला.

१९८७ च्या जानेवारीत वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे झालेल्या अपघाताचे कारण निराळे होते. तेथे तपासणी करावयाची की नाही हे एका कप्प्यातील संख्येवरून ठरे : शून्य असल्यास तपासणी नको, अन्य काही असल्यास हवी. आज्ञावली त्या संख्येत प्रत्येक वेळी एक मिळवीत असे. वर पाहिल्याप्रमाणे २५५ नंतर कप्पा पुन्हा शून्यावर येतो. म्हणून दर २५६ व्या वेळी तपासणी गाळली जाई. नेमक्या त्या क्षणी कळ दाबली गेली आणि यंत्र सुरू झाले. तपासणी करणाऱ्या भागाचीही तपासणी लागते, ही गोष्ट या अपघाताने दाखवून दिली.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या यंत्राच्या मूळ योजनेत कर्मचाऱ्याने उपचाराच्या खोलीत यंत्राची मांडणी करावयाची आणि बाहेर येऊन तेच आकडे पुन्हा लिहावयाचे, असे ठरले होते. दोहोंचा मेळ बसला तरच उपचार सुरू व्हावा, हा उद्देश. याला वेळ फार लागतो अशी तक्रार आल्यावर केवळ कळ दाबून आतले आकडे बाहेर उतरवून घेण्याची सोय करण्यात आली. आता दोहोंचा मेळ नेहमीच बसणार. कारण दुसरा साक्षीदार पहिल्याचीच साक्ष वाचून दाखवीत होता.

नकार कसा द्यावा

अयोग्य आकडा आल्यास यंत्राने काय करावे, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. ३७० मागितले असता यंत्राने आपणहून ६० धरले, तर भट्टी जळणार नाही. पण जीवाणू मरतील आणि मागणाऱ्यास ते कळणारही नाही. म्हणून आकडा गुपचूप बदलण्यापेक्षा तो स्पष्टपणे नाकारणे श्रेयस्कर. नकारात तीन गोष्टी असाव्यात : काय मागितले गेले, कोणती मर्यादा ओलांडली गेली, आणि सध्या कोणते मूल्य चालू आहे. ‘बिघाड ५४’ यासारख्या सूचनेत यांपैकी एकही गोष्ट नसते. नवे सर्व आकडे तपासून होईपर्यंत जुनी मांडणी तशीच राहावी, आणि बदल करावयाचा तो एकदम करावा. अर्धे जुने व अर्धे नवे अशी मधली अवस्था धोक्याची असते.

त्याचबरोबर नकारांचा अतिरेकही टाळला पाहिजे. जी सूचना दिवसातून वीस वेळा विनाकारण येते तिच्याकडे एकविसाव्या वेळी कोणी पाहत नाही. शिरेतून औषध सोडणाऱ्या आजच्या अनेक पंपांत म्हणून दोन प्रकारच्या मर्यादा ठेवतात. एक मर्यादा अशी की, ती ओलांडताना पंप विचारतो आणि परिचारिकेने दुजोरा दिल्यास पुढे जातो. दुसरी अशी की, ती दुजोरा देऊनही ओलांडता येत नाही. या मर्यादा प्रत्येक औषधासाठी निरनिराळ्या असतात.

शेवटचा अडसर

आज्ञावली कितीही काळजीपूर्वक लिहिली तरी तिच्यात दोष राहू शकतो. म्हणून अखेरचा अडसर तिच्यावर अवलंबून नसावा. घरातील प्रेशर कुकरवर शिट्टी असते आणि तिच्याखेरीज निराळी सुरक्षा-झडपही असते. शिट्टी अडकली तरी झडप आपले काम करते. कारण तिला शिट्टीच्या परवानगीची गरज नसते. रेल्वेने हे तत्त्व फार पूर्वी ओळखले. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्स्बी यांनी १८५६ साली सांधे व सिग्नल यांचे खटके एकमेकांशी जखडण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. सांधा योग्य बाजूस बसल्याखेरीज सिग्नलाचा खटका ओढताच येऊ नये, हा तिचा गाभा. यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. भारतातील स्थानकांवर पुष्कळ ठिकाणी लोखंडी खटक्यांची जागा विद्युत् उपकरणांनी व संगणकांनी घेतली आहे. तत्त्व मात्र तेच आहे.

उबवणपेटीतही याचप्रमाणे तपमान ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास वीज तोडणारा एक स्वतंत्र खटका असतो. तो पडद्यावरील आकडा वाचीत नाही, आज्ञावलीस काही विचारीत नाही. तो फक्त पेटीतील उष्णता जाणतो. नियंत्रण-फलकाने आकडा तपासावा, यंत्राच्या आतील आज्ञावलीने तो पुन्हा तपासावा, आणि या दोघांच्याही हातून चूक निसटली तर या खटक्याने वीज तोडावी, अशी ही तिहेरी योजना आहे. मनुष्याच्या हातून चूक होणारच, हे तीत आरंभापासूनच धरलेले असते.