जुन्या दुर्बिणीला ‘गो-टू’ची जोड

जुन्या विषुववृत्तीय माउंटवर हाताने तारका शोधताना निम्मी रात्र जाते. म्हणून माउंट भंगारात काढायची गरज नाही. दोन्ही अक्षांवर स्टेपर मोटर आणि ‘ऑनस्टेप’ ही मुक्त प्रणाली चालवणारा छोटा बोर्ड बसवला, की मोबाइलवर शनी निवडायचा. दुर्बीण तिकडे वळते. त्याआधी माउंटचा मुख्य अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो (पुण्यातून तो क्षितिजावर सुमारे १८.५ अंशांवर दिसतो). मग दोन-तीन ओळखीचे तारे दाखवले, की रोखण्यातली उरलेली चूक संगणक हिशेबात धरतो आणि तासाला १५ अंश सरकणाऱ्या आकाशामागे दुर्बीण फिरवतो. मात्र झिजलेल्या गिअरची ढिलाई मोटरने पूर्ण भरून निघत नाही. आधी जुने, घट्ट झालेले ग्रीस काढा, दाते नीट जुळवा. मोटरची खरेदी त्यानंतर.