झाड लावताय? आधी जंगल ओळखा!

पावसाळ्यात कॉलेजच्या ग्रुपबरोबर झाडं लावायला निघालात? जरा थांबा. भारतात जंगल एकाच प्रकारचं नाही. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये त्याचे तब्बल १६ मुख्य गट मांडले. महाबळेश्वरला धो धो पाऊस, म्हणून तिथे जांभूळ, अंजनीचं सदाहरित रान. तिथून पूर्वेकडे, पर्जन्यछायेत पाऊस आटत जातो आणि बोर, खैर, बाभळीचं काटेरी रान लागतं. उन्हाळ्यात ते वाळलेलं दिसतं. मग आपण त्याला ‘ओसाड’ म्हणून मोकळे होतो, गवत-झुडपं काढतो, मूळ मादागास्करचा गुलमोहर लावतो आणि सेल्फी काढतो! यंदा खड्डा खणण्याआधी तिथे आपोआप काय उगवतंय, ते बघा. कदाचित तिथे जंगल आधीपासूनच असेल.