लोणारचे जिवाणू, आपला ऊस आणि कुर्बानीची पिशवी

बकरी ईदच्या दिवशी एकेका मोहल्ल्यातून किती प्लास्टिकच्या पिशव्या बाहेर पडतात, हे कोणी मोजत नाही. नातेवाइकांचा हिस्सा, गरिबांचा हिस्सा, शेजाऱ्यांचा हिस्सा. प्रत्येकाची पिशवी वेगळी, आणि गळू नये म्हणून एका पिशवीत दुसरी. दुसऱ्या दिवशी त्या नालीत आणि उकिरड्यावर दिसतात. तिथेच मोकळ्या सुटलेल्या शेळ्या तोंड घालतात. वजडी साफ करताना आतून पिशव्यांचा गोळा निघाल्याचे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ज्या जिल्ह्याच्या नावाने उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, त्या जिल्ह्याला तरी हे शोभणारे नाही.

बंदी आहेच. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी घातली. पण हातात दुसरे काही सोयीचे आल्याशिवाय पिशवी सुटत नाही, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. शमसुद्दीन गाझींच्या उर्सातल्या दुकानदाराला विचारा, किंवा कोणत्याही वलिम्याच्या भटाऱ्याला विचारा, उत्तर तेच मिळेल. म्हणून आम्ही या वेळी जरा वेगळ्या वाटेने गेलो. मातीत जाऊन मातीच होईल, असे प्लास्टिक तयार होते का? होते. आणि ते तयार करणारे कारागीर डोळ्यांना दिसत नाहीत.

१९२६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लेमॉन्य या शास्त्रज्ञाला एका जिवाणूच्या पोटात एक वेगळाच पदार्थ सापडला. उंट जशी मदारीत चरबी साठवतो, तसा हा जिवाणू सुकाळात मिळालेले अन्न बारीक कणांच्या रूपात साठवून ठेवत होता. हे कण वेगळे करून वितळवले की त्यांची फिल्म होते, बाटली होते. त्याला पीएचबी म्हणतात आणि या साऱ्या कुटुंबाला पीएचए. आपल्या नेहमीच्या पिशवीचे पॉलिथीन खनिज तेलापासून बनते आणि मातीत पिढ्यान्‌पिढ्या पडून राहते. पीएचबी मात्र साध्या मातीतले आणि समुद्राच्या पाण्यातले दुसरे जिवाणू खाऊन टाकतात, कारण त्यांच्या दृष्टीने तो कुणीतरी साठवलेला शिधाच असतो.

असे जिवाणू शोधायला फार लांब जावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर आपल्याला सहलीपुरते माहीत आहे. त्याचे पाणी खारट आणि सोड्यासारखे क्षारीय. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी याच पाण्यातून हॅलोमोनास कॅम्पिसॅलिस नावाचा जिवाणू वेगळा केला. तो पीएचए जातीचे प्लास्टिक तयार करतो आणि ते मातीत विघटित होते, हे त्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी शेतीतल्या टाकाऊ मालाच्या अर्कावरही त्याला वाढवून पाहिले.

खाऱ्या पाण्यातला जिवाणूच का, याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. मीठ भरपूर असले की लोणच्याला बुरशी लागत नाही. कारखान्यात मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवताना भलतेच जंतू शिरू नयेत म्हणून सगळे वाफेवर निर्जंतुक करावे लागते आणि त्यात बराच खर्च जातो. क्षाराची सवय असलेल्या जिवाणूच्या टाकीत बाहेरचा जंतू सहसा तग धरत नाही. चीनमधल्या त्सिंगहुआ विद्यापीठातील गुओ-छियांग चेन यांनी याच जमातीचा दुसरा जिवाणू घेऊन बिनानिर्जंतुक, उघड्या पद्धतीने उत्पादन करून दाखवले आहे. त्याच्या जनुकांत फेरफार करून त्यांनी पेशीचा आकारही वाढवला, म्हणजे साठ्याला जागा जास्त आणि तो बाहेर काढणे सोपे.

आता मुख्य गोष्ट. निसर्गातला जिवाणू कारखान्यासाठी घडलेला नसतो. त्याला तिथपर्यंत आणावे लागते. याला प्रयोगशाळेतील उत्क्रांती म्हणतात. उत्क्रांती हा शब्द ऐकून काही वाचकांच्या कपाळावर आठी येईल, पण माणसाच्या उत्पत्तीचा वाद इथे नाही. जुळी देणाऱ्या शेळीची करडे ठेवायची आणि बाकीची विकायची, हे आपले शेळीपालक करतच आले. फरक वेगाचा आहे. शेळीची पिढी यायला वर्ष-दीड वर्ष लागते, तर काही जिवाणू चांगल्या खुराकावर वीस मिनिटांत दुप्पट होतात. अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये बारा काचपात्रांत एकाच जिवाणूची वाढ सुरू केली. रोज थोडा अंश नव्या खुराकात टाकायचा, एवढेच काम. त्या जिवाणूंच्या सत्तर हजारांहून अधिक पिढ्या झाल्या आणि आजचे वंशज मूळ पूर्वजांपेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतात.

प्लास्टिकच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. नुसते भरपूर खायला घातले तर जिंकतो तो आळशी जिवाणू. साठा करण्यात अन्न वाया न घालवता तो वाढत सुटतो आणि साठवणारा मागे पडतो. हॉलंडमधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर जी तोड काढली ती आम्हाला फार आवडली. त्यांनी टाकीतल्या जिवाणूंना थोडा वेळ पोटभर अन्न दिले आणि मग पुढच्या खुराकापर्यंत तासन्‌तास उपाशी ठेवले. असे चक्र महिनोन्‌महिने चालवले. जणू सहरी आणि इफ्तार. ज्यांनी सहरीच्या वेळी साठा केला तेच उपवासात टिकले आणि बाकीचे हटत गेले. या चाळणीतून जो जिवाणू पुढे आला, त्याच्या कोरड्या वजनात ८९ टक्क्यांपर्यंत प्लास्टिक भरले, तेही आठ तासांच्या आत. २००९ साली ही आकडेवारी प्रसिद्ध झाली. यात ना जनुक कापले, ना जोडले.

दुसरी वाट जिवाणूच्या आतल्या विकरांना घडवण्याची आहे. विकराच्या जनुकात मुद्दाम बदल करायचे, हजारो नमुन्यांतून उत्तम तो निवडायचा आणि पुन्हा तेच करायचे. या पद्धतीसाठी फ्रान्सेस अर्नोल्ड यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जपानमध्ये सेइची तागुची यांच्या गटाने २००८ मध्ये असाच बदललेला विकर जिवाणूत घातला. त्या जिवाणूने लॅक्टिक आम्लाची साखळीही आपल्या प्लास्टिकमध्ये गुंफली.

लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याचा आंबटपणा. त्यापासून बनणारे पीएलए हे प्लास्टिक आज बाजारात जास्त दिसते. त्यात आम्ल जिवाणू करतात आणि साखळी रसायनशास्त्रज्ञ जोडतात. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरीत त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला असून २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. मात्र पीएलए साध्या उकिरड्यावर लवकर कुजत नाही. त्याला साठ अंशांच्या आसपास तापणारा मोठा कंपोस्ट प्रकल्प लागतो. ते नालीत टाकले तर आपल्या शेळीच्या दृष्टीने फार काही बदलत नाही.

मग आपल्या जिल्ह्याचा यात संबंध काय? ऊस. ब्राझीलमध्ये सेराना गावच्या साखर कारखान्याला जोडून पीएचबीचा प्रकल्प उभा राहिला. जिवाणूंना साखर घरचीच, वाफ आणि वीज चिपाडाची, आणि पेशीतून प्लास्टिक वेगळे करणारा द्रावकही इथेनॉल करताना निघणाऱ्या उपपदार्थांतला. तरीही एक किलो पीएचबीसाठी सुमारे तीन किलो साखर लागते आणि किंमत साध्या प्लास्टिकच्या कितीतरी पट होते. प्लास्टिक जिवाणूंकडून करून घेता येते हे शंभर वर्षांपासून माहीत असूनही पिशवी आपल्या हातात न येण्याचे कारण हेच.

ढोकीच्या तेरणा कारखान्याने बंद पडण्याचे दिवस पाहिले आहेत. रांजणीसारख्या ठिकाणी साखरेसोबत इतर उत्पादने घेतली जातात. प्लास्टिकचे जिवाणू या कारखान्यांना नवे उत्पन्न देतील का? आमचे मत सावध आहे. शहराला पिण्याचे पाणी उजनीहून आणावे लागणाऱ्या या जिल्ह्यात, पिशवीसाठी जास्त ऊस लावा असे म्हणणे आम्हाला पटत नाही. मळी आणि चिपाड यांवर नीट वाढणारा जिवाणू हाती आला, तर मात्र गोष्ट वेगळी. ज्या मळीत साधा जिवाणू गुदमरतो, तिथे पिढ्यान्‌पिढ्या रुळवलेला जिवाणू टिकू शकतो. निवडीचे खरे काम तिथेच आहे. आपल्या मुला-मुलींपैकी कोणी सूक्ष्मजीवशास्त्र घेत असेल, तर घरच्यांनी ‘याचा उपयोग काय’ असे विचारण्याआधी थोडे थांबावे.

तोवर बाजारातली ‘बायो’ लिहिलेली हिरवी पिशवी डोळे झाकून घेऊ नका. काही पिशव्या उन्हात नुसत्या तुकडे तुकडे होतात. ते तुकडे प्लास्टिकच राहतात आणि उलट उचलणे अवघड होते. कंपोस्ट होणाऱ्या खऱ्या पिशवीवर आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक छापलेले असते आणि ती बनवणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असावे लागते. दुकानदाराला ते विचारता येते. आणि कुर्बानीच्या हिश्शांसाठी झाकणाचे डबे पाठवून परत मागवणारी घरे आजही आहेत. त्यांच्या अंगणात ईदच्या दुसऱ्या दिवशी झाडायला फारसे काही नसते.