हरलेल्या बाजूचे लोक

नेटफ्लिक्सनं '1899' ही मालिका नोव्हेंबर 2022मध्ये आणली आणि जानेवारी 2023 उजाडताच निर्मात्यांनी सांगून टाकलं की पुढचं पर्व होणार नाही. तीन पर्वांची योजलेली गोष्ट आठ भागांवर तुटली. ती बातमी वाचून मला जो संताप आला तो मुळात वीस वर्षांपूर्वीचा होता, 'फायरफ्लाय' या अशाच तोडलेल्या मालिकेचा. तो अजून गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

नव्वदच्या दशकातल्या टीव्हीवरच्या विज्ञानकथांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. चकचकीत यानं, इस्त्रीचे गणवेश, आणि दर आठवड्याला कपाळावर नव्या वळकट्या घेऊन येणारा परग्रहवासी. मी कंटाळले होते. जॉस व्हेडनची 'फायरफ्लाय' 2517 सालात घडते आणि तिच्यात एकही परग्रहवासी नाही. आहे ते एक भंगाराच्या दारातलं मालवाहू यान, त्यात गुरं भरायची, चोरटा माल न्यायचा आणि रात्री सगळ्यांनी एका लाकडी टेबलाभोवती बसून मिळेल ते खायचं. अंतराळात हवा नाही म्हणून तिथे आवाजही नाही. यानाच्या सेटचा प्रत्येक मजला सलग बांधला होता, त्यामुळे नट खरोखर एका खोलीतून दुसरीत चालत जात आणि बघणाऱ्याला ते घर पाठ होई. पात्रं चिनी भाषेत शिव्या देतात पण मुख्य नऊ जणांत एकही चिनी चेहरा नाही, हे मला तेव्हाही खुपलं, आजही खुपतं.

कप्तान मॅल रेनल्ड्स मध्यवर्ती सत्तेविरुद्धच्या युद्धात हरलेल्या बाजूनं लढलेला. गेटिसबर्गच्या लढाईवरची मायकल शारा यांची 'द किलर एंजल्स' ही कादंबरी वाचून व्हेडनला ही कल्पना सुचली. मॅल ज्या खोऱ्यात हरला त्याचं नाव सेरेनिटी, आणि यानालाही त्यानं तेच नाव दिलं. पानिपतातून वाचून आलेल्या एखाद्यानं आपल्या गलबताला 'पानिपत' म्हणावं, तसं. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

फॉक्स वाहिनीनं या मालिकेचं काय केलं? दोन तासांचा पहिला भाग, ज्यात नऊच्या नऊ माणसांची ओळख होते, तो बाजूला ठेवला. व्हेडन आणि टिम मिनिअर यांना शनिवार-रविवारात नवा 'पहिला' भाग लिहायला लावला. 20 सप्टेंबर 2002पासून शुक्रवारी रात्री, तरुण प्रेक्षक घराबाहेर असतो त्या वेळेला, भाग उलटसुलट क्रमानं दाखवले. मध्ये बेसबॉलसाठी सुट्ट्या दिल्या. चौदातले अकरा दाखवून डिसेंबरात दुकान बंद केलं, आणि शेवटी दाखवला तो खरा पहिला भाग. मग म्हणाले, प्रेक्षक मिळाला नाही. मिळणार कुठून?

तरी त्या चौदांत 'आउट ऑफ गॅस' आहे. मिनिअरनं लिहिलेला. इंजिनातला एक भाग जळतो, प्राणवायू संपत येतो, मॅल सगळ्यांना छोट्या यानांतून दूर पाठवतो आणि एकटा मागे राहतो. पोटात गोळी लागलेला तो माणूस इंजिनाच्या खोलीकडे सरपटत असताना मधूनमधून दिसतं, यातलं कोण कसं या यानावर आलं. शेवटी जुन्या यानांच्या बाजारात विक्रेता कसल्याशा यानाचं गुणगान करतो आहे, आणि मॅलची नजर भलत्याच यानावर खिळली आहे. प्रेमात पडणं असं टीव्हीवर मी क्वचितच पाहिलं.

मालिका बंद होणार ही बातमी 'द मेसेज'चं चित्रण चालू असताना आली. त्या भागात शेवटी एक अंत्ययात्रा आहे. ग्रेग एडमन्सननं त्या प्रसंगाचं संगीत मालिकेचा निरोप म्हणूनच केलं. 'आउट ऑफ गॅस'मध्ये पांगलेल्या माणसांना परत बोलावण्याचं एक बटण आहे. वैमानिक वॉशचं काम करणाऱ्या अ‍ॅलन ट्युडिकनं ते सेटवरून काढून व्हेडनला दिलं. चमत्कार झाला तर दाबायला.

आणि चमत्कार झाला, कारण डिसेंबर 2003मध्ये डीव्हीडी आल्या. तेव्हा मी न्यू जर्सीत नोकरी करत होते. चार डीव्हीडींचा तो संच आमच्या मराठी मंडळींत या घरातून त्या घरात फिरला, कुणाच्या बॅगेतून पुण्याला जाऊन आला. न दाखवलेले तीन भाग त्यात होते आणि क्रमही नीट होता. चाहते स्वतःला ब्राऊनकोट म्हणवू लागले, हरलेल्या सैन्याच्या तपकिरी कोटांवरून. त्या खपाच्या बळावर युनिव्हर्सलनं चित्रपट काढला. 30 सप्टेंबर 2005ला 'सेरेनिटी' आला, आणि त्यात वॉश मेला. चित्रपटगृहात त्या क्षणी मी मोठ्यानं ओरडले होते. तो मृत्यू मला अजून मान्य नाही. 2006पासून चाहते दरवर्षी या चित्रपटाचे खेळ लावून स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'इक्वॅलिटी नाऊ'ला निधी देऊ लागले. 2007मध्ये अंतराळवीर स्टीव्हन स्वान्सननं मालिका आणि चित्रपट दोन्हींच्या डीव्हीडी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेऊन ठेवल्या.

एक हिशोब मात्र बाकी आहे. 'द मेसेज'मध्ये यानावरच्या जेनला त्याची आई हातानं विणलेली केशरी-पिवळी कानटोपी पाठवते. फॉक्सनं तो भाग तेव्हा दाखवलाच नव्हता. चाहत्यांनी डीव्हीडीवर बघून तशा टोप्या विणल्या, एकमेकांना विकल्या. 2013मध्ये टोपीचे हक्क एका कंपनीला दिल्यावर फॉक्सनं या विणणाऱ्यांनाच बंदीच्या नोटिसा धाडल्या. ज्यांनी ही टोपी जगाला माहीत करून दिली, त्यांना! ती अधिकृत टोपी विकणाऱ्या दुकानानं निदान आपला नफा चाहत्यांच्या त्या खेळांच्या निधीत दिला.

त्यानंतरची वर्षं मी भरभर ओलांडते. धर्मोपदेशक बुकचं काम करणारे रॉन ग्लास 2016मध्ये गेले. व्हेडनच्या वागणुकीबद्दल 2020 आणि 2021मध्ये त्याच्यासोबत काम केलेल्या नटनट्यांनी जाहीर तक्रारी केल्या. मी त्या गांभीर्यानं घेते. पण यानावरच्या केलीचं हसू ज्युएल स्टेटचं आहे, ती अंत्ययात्रा एडमन्सनची आहे आणि तो यानांचा बाजार मिनिअरचा. त्यांच्यावरचं माझं प्रेम मी कुणा एकासाठी परत घेणार नाही.

आज मालिका बंद पडते तेव्हा मागे काय उरतं, याची मला धास्ती वाटते. ओलन रॉजर्सची 'फायनल स्पेस' तीन पर्वांनंतर बंद झाली, आणि मग करसवलतीच्या हिशोबात ओटीटीवरूनही काढून टाकली. एका सेवेवर मी पैसे भरून 'विकत' घेतलेली मालिका एके दिवशी माझ्या यादीतून नाहीशी झाली, कळवण्याची तसदीही कुणी घेतली नाही. 'फायरफ्लाय' बंद करणाऱ्यांना निदान ती आमच्या कपाटातून काढता आली नाही. उशिरा येणाऱ्या प्रेक्षकाला ती सापडत राहिली. '1899'ला तेवढा उशीर कोण देणार?

माझ्याकडून तो संच आता भाचीनं मागून घेतला आहे. तिच्याकडे डीव्हीडी चालवायला यंत्र नव्हतं, तेही पाठवलं. तिला एवढंच बजावलं आहे की दोन तासांच्या 'सेरेनिटी' भागापासून सुरू कर, संचावरच्या क्रमानं बघ, आणि चित्रपट बघायची घाई करू नकोस.