कचेरीच्या भिंतीवर कोणाचा हात?

दिल्लीच्या संसद मार्गावर रिझर्व्ह बँकेच्या दारात दगडी यक्ष-यक्षिणी उभे आहेत. यक्ष उद्योगाचा, यक्षिणी शेतीची. हे काम बँकेने रामकिंकर बैज यांच्याकडे सोपवले. बंगालमधील बांकुड्याच्या न्हावी घराण्यात १९०६ साली जन्मलेले हे शिल्पकार. ज्या रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९२३ साली ग्रंथ लिहिला, तो रुपया सांभाळणाऱ्या बँकेच्या दारी कष्टकऱ्याच्या मुलाची छिन्नी चालली!

आपल्याला हे नवे नाही. कार्ल्याच्या बौद्ध लेण्यात स्तंभ दान देणाऱ्यांची नावे आहेत, तसे दरवाजा घडवणाऱ्या सामी सुताराचेही नाव कोरलेले आहे. देणारा आणि घडवणारा, दोघांचाही मान राखला गेला.

आज कचेऱ्यांत बाजारातली छापील तसबीर लागते. ती कोणी काढली, कोणी विचारत नाही. सानगडीच्या बांधवांनो, ग्रामपंचायत, पतसंस्था वा विहारासाठी बाबासाहेबांची तसबीर हवी असेल, तर आपल्या भागातील होतकरू चित्रकाराला काम द्या. ठरावात रक्कम लिहा, निम्मी आगाऊ द्या, कोपऱ्यात त्याची सही राहू द्या. ‘समाजाचे काम’ म्हणून फुकट मागू नका. कला हेही श्रमच आहेत. जयभीम!